खळ्यावरचं टेनिस

दसऱ्याच्या दिवशी मगदूम मळ्यात हत्यारांची पूजा मांडली होती. पाटावर नांगराचा फाळ होता, कुऱ्हाड होती, विळे-खुरपी होती, पंप खोलायचा पाना होता. इतकंच काय, आईचा, आक्काताईंचा, अडकित्तासुद्धा हळदीकुंकू लावून घ्यायला रांगेत बसला होता. धन्यकुमारांनी इकडंतिकडं बघितलं आणि आपली टेनिसची रॅकेट हळूच पान्याच्या शेजारी नेऊन ठेवली. थोरले बंधू मदनआण्णा कुंकवाची वाटी घेऊन एकेक हत्यार पुजत आले, रॅकेटपाशी थांबले, त्यांनी ती दोन बोटांनी उचलली आणि भिंतीवरच्या खुंटीला अडकवून टाकली.

"ही कामाच्या हत्यारांची पूजा हाय, धन्या," ते म्हणाले. "ह्ये खेळणं."

आण्णा रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. त्यांनी शांतपणे पुढच्या विळ्याला बोट लावलं, आणि खोबऱ्याच्या प्रसादाबरोबर धन्यकुमारांना तो अपमानही गिळावा लागला.

साल होतं त्र्याहत्तर. दुष्काळ नुकताच सरला होता, विहिरींना पाणी आलं होतं आणि धन्यकुमार दुखरा गुडघा घेऊन घरी आले होते. ऐन विशीपासून हा माणूस टेनिसवर जगला होता. देशभर खेळला, दोन-तीन उन्हाळे परदेशातही खेळून आला. तिथं तो बहुतेक पहिल्याच फेरीत हरायचा म्हणा. पण पहिल्या फेरीत हरायला सुद्धा आधी तिथवर पोचावं लागतं, हे सांगलीच्या हळदीच्या पेठेत कोण कोणाला समजावणार? अखेर गुडघ्यानं राजीनामा दिला आणि धन्यकुमारांना तो मंजूर करावा लागला. आता त्यांच्या मनात शिकवायचं होतं. सांगलीत टेनिस शिकवायचं, खेळाडू घडवायचे, एवढं साधं स्वप्न होतं. अडचण एवढीच होती की सांगलीनं ते शिकायचं स्वप्न अजून पाहिलं नव्हतं.

आण्णांचा कुपवाडला एक मित्र होता. त्याच्या कारखान्यात पंपाचे सुटे भाग होत आणि तिथं स्टोअरकीपरची जागा रिकामी होती.

"गुढीपाडव्यापतुर तुला मोकळीक," आण्णा म्हणाले. "हिरीमागचा तो खडकाळ तुकडा घे. काय मैदान-बिदान करायचं ते कर. पाडव्याला चार माणसं शिकाय आलेली दाव मला. न्हाई आली, तर दुसऱ्या दिशी डबा घ्यायचा आन् कुपवाडला कामाव जायचं."

धन्यकुमारांनी ते कबूल केलं. त्यांच्या पत्नीनं, चंदनबालाबाईंनी, त्याच आठवड्यात बाजारातून तीन पुडांचा एक चांगला डबा आणून ठेवला. नवऱ्यावर विश्वास नव्हता असं अजिबात नाही. डबा काय, कुठंही उपयोगी पडतो, एवढंच त्यांचं म्हणणं.

मैदान करायचं हे ठरल्याबरोबर मळ्यात सल्लागार जमू लागले. त्यातले पहिले आणि कायमचे म्हणजे सुभेदार हंबीरराव. हे मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त होऊन कुपवाडच्या त्याच कारखान्यात पहाऱ्यावर होते. त्यांच्या पलटणीत साहेबलोकांच्या मेसमागं टेनिसचं मैदान होतं आणि त्या मैदानाच्या कडेनं ते पुष्कळ वर्षं चालत गेले होते. एवढ्या अनुभवावर माणूस काय काय सांगू शकतो, ते ऐकायला हंबीरराव भेटायलाच हवे होते.

"सिमिट पायजे, साहेब," ते म्हणाले. "पक्का काम. चेंडू असा उडतो, सीधा कपाळावर."

सिमेंट त्या काळी परवान्यावर मिळे. धन्यकुमार कचेरीत गेले. कारकून चांगला माणूस होता. त्यानं छापील यादीवरून बोट फिरवलं आणि खेदानं मान हलवली. घर, गोठा, विहीर, संडास, एवढ्यांसाठीच सिमेंट मिळत होतं. टेनिस त्यात नव्हतं.

"संडास लिहा," त्यानं आवाज खाली करून सुचवलं. "संडासाला लगेच मिळतंय. लांबी-रुंदी सांगा."

धन्यकुमारांनी लांबी-रुंदी सांगितली. कारकुनानं लेखणी खाली ठेवली आणि बराच वेळ त्यांच्याकडं निरखून पाहिलं.

"घरात माणसं किती आहेत तुमच्या?" त्यानं विचारलं.

सिमेंटचा विषय तिथं संपला. धन्यकुमार परतले ते एका वेगळ्या आठवणीनं. मद्रासकडं ते शेणानं सारवलेल्या मैदानावर खेळले होते आणि ती मैदानं उत्तम असत. शेण मगदूम मळ्यात परवान्याशिवाय उपलब्ध होतं आणि गुंडाही होता. गुंडा हा आण्णांचा बैलांकडचा गडी. माती आणि शेण ह्या दोन विषयांत त्याच्यापुढं कोणी बोलत नसे.

"जमीन सपाट पाहिजे, गुंडा. टणक पाहिजे. भेग पडता कामा नये. चेंडू टाकला की सगळीकडं सारखा उडला पाहिजे."

"म्हंजे खळं," गुंडा म्हणाला.

"खळ्यासारखं. पण खळं नव्हे. आणि चौकोनी."

गुंडा हसत सुटला. "चौकोनी खळ्यात बैल कसा वळायचा, मालक?"

"बैल वळणारच नाहीत त्यात."

"मग खळं कशापायी?"

हा संवाद पुष्कळ दिवस चालला. शेवटी गुंडानं, शिकलेल्या माणसांचं असंच असतं अशा समजुतीनं, काम हाती घेतलं. खडक फोडला, मुरूम टाकला, तांबडी माती आणली, पाणी मारून मारून चोपणीनं ठोकली. जमीन आकाराला येऊ लागली तसे धन्यकुमार खुशीत आले आणि जाळं आणायला साताऱ्याला गेले.

साताऱ्यात एक जुना जिमखाना होता आणि त्याचे चिटणीस होते आप्पासो इंगवले वकील. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढऱ्या मिशा. त्यांनी धन्यकुमारांना बसायला सांगितलं, चहा मागवला आणि चौकशी सुरू केली.

"म्हणजे तुम्ही पैसे घेऊन खेळत होता?"

"हो. तेच माझं काम होतं."

"अरेरे," इंगवले म्हणाले. "आम्ही इथं केवळ आनंदासाठी खेळतो."

धन्यकुमारांना हसावं की रडावं कळेना. घरी त्यांचं टेनिस हे काम नव्हतं म्हणून रॅकेटला पाटावर जागा नव्हती. आणि साताऱ्यात ते काम होतं म्हणून नाकं मुरडली जात होती. एकाच माणसानं दोन जिल्ह्यांत दोन उलट कारणांसाठी अपमान सोसायचा, हे कोणत्या न्यायात बसतं ते वकीलसाहेबांना विचारावं असं त्यांच्या मनात आलं. पण जाळं मिळायचं होतं, म्हणून त्यांनी चहा प्यायला.

इंगवले मनानं वाईट नव्हते. जिमखान्याचं जुनं जाळं त्यांनी काढून दिलं. ते मधोमध ताण सोडून लोंबत होतं, पण जाळं होतं. वर ते म्हणाले, "आमच्या सभासदांच्या मुलांना शिकवायला माणूस हवाच आहे. पण धंदेवाईक माणूस म्हटलं की सभासद कुरकुर करणार. तेव्हा मी स्वतः बघेन. पाडव्याला आम्ही चौघं तुमच्याकडं येतो. तुमचं कोर्टही बघू आणि शिकवणंही बघू."

चौघं! आण्णांनी मागितली होती तेवढीच माणसं. धन्यकुमारांनी जाळ्याची गुंडाळी खांद्यावर मारली आणि सांगलीची एसटी धरली.

आता सांगली भागातला एक जैन माणूस भलंमोठं जाळं मांडीवर घेऊन एसटीत बसला, तर लोक काय समजतील हा विचार धन्यकुमारांच्या डोक्यात आला नाही. कंडक्टरच्या मात्र आला.

"पाव्हणं, कृष्णंत टाकायचं का वारणंत?"

"काय?"

"जाळं वो."

धन्यकुमारांनी त्याला टेनिस समजावून सांगितलं. कंडक्टरनं सगळं ऐकून घेतलं, तिकीट फाडलं आणि मागच्या बाकावरच्यांना डोळा मारला. त्या बाकावर मळ्याशेजारचा ज्ञानू होता. तो कुपवाड फाट्यावर आधी उतरला आणि सायकलवरून पुढं गेला. धन्यकुमार मळ्यात पोचले तेव्हा मगदुमाच्या धाकट्यानं मासेमारी धरल्याची बातमी मुक्कामाला येऊन हातपाय धुऊन बसली होती.

आक्काताई दारातच उभ्या होत्या. पाणी गाळून पिणारी, दिवस बुडायच्या आत जेवणारी ती म्हातारी. कंद जेवणात नको म्हणून घरात तिनं बटाटा येऊ दिला नव्हता, तिथं मुलगा जाळं घेऊन आला होता.

"हातातलं भाईर ठेव," त्या म्हणाल्या. "आंघुळ कर. मग आत ये."

"आक्का, ह्यात चेंडू अडवत्यात गं!"

"चेंडू का अडवायचा? त्येनं काय केलंय कुणाचं?"

आक्काताईंनी त्या दिवशी अन्न घेतलं नाही. जाळं गोठ्यामागच्या लिंबाला टांगलं गेलं आणि येताजाता आक्काताई त्याच्याकडं पाठ करून जाऊ लागल्या. आपण खेळतो म्हणजे नेमकं काय करतो, हे आईनं उभ्या जन्मात कधी पाहिलेलं नाही, ही गोष्ट धन्यकुमारांना परदेशात जाणवली नव्हती. ती आता गोठ्यामागं उभं राहिल्यावर जाणवली.

पण खरा धक्का विहिरीमागं होता. जमीन तयार झाली होती. सारवलेली, गुळगुळीत, कडेला दोरी धरल्यासारखी सरळ. आणि तिच्या बरोबर मधोमध, जिथून जाळं जायचं तिथं, बाभळीचा एक दणकट खांब पुरुषभर उंच उभा होता. त्याला हळदीकुंकू लावलं होतं, बुडाशी नारळ फोडला होता.

"हे काय?" धन्यकुमारांनी खांबाकडं बोट दाखवलं.

"मेढ," गुंडा अभिमानानं म्हणाला. "बैल कशाला बांधून फिरवायचं मग? मेढीबिगर खळं म्हंजी वाईट दिसतंय, मालक. चौकोनी तर चौकोनी."

"उपट ती! आत्ताच्या आत्ता!"

गुंडानं कानाला हात लावले. मेढ पुजली होती. पुजलेली मेढ खळ्यातनं धान्याची रास उठल्याशिवाय उपटायची नसते, हे काय त्यानं मालकांना सांगायचं? आण्णांनीही तेच सांगितलं. हंबीररावांनी सल्ला दिला की बारूद लावावी. चंदनबालाबाईंनी डबा घासून ठेवला.

"मग मळणी करून टाका, आण्णा. एकदाची रास उठू द्या."

"शाळू अजून रानात उभा हाय माझा," आण्णा म्हणाले. "त्यो काय तुझ्या टेनिससाठी आदुगर पिकंल व्हय?"

एवढ्यात खळ्याची कीर्ती पंचक्रोशीत पसरली होती. असं खळं कुणाच्या बापजाद्यांनी बघितलं नव्हतं. आधी ज्ञानू आला, "चार पेंढ्या हायत्या नुसत्या" म्हणत. मग ज्ञानूचा मेहुणा आला, मग मेहुण्याचा शेजारी. खळं मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणायची मगदुमांच्या घरात पद्धत नव्हती. बैलांची पात मेढीभोवती फिरू लागली. धन्यकुमार विहिरीच्या काठावर बसून ते बघत. आपल्या मैदानावर पहिला खेळ बैलांचा झाला, आणि त्यांच्या गुडघ्यांना काही सुद्धा झालेलं नाही, हे त्यांच्या लक्षात आल्यावाचून राहिलं नाही.

लोकांच्या राशी उठल्या. पण मेढ आण्णांच्या खळ्याची होती, तेव्हा आण्णांची रास उठायला हवी होती. आणि शाळवाच्या आधी आण्णांची हळद आली. शिजवलेली हळद वाळवायला सपाट, स्वच्छ, उन्हातली जागा लागते. अशी जागा सगळ्या मळ्यात एकच होती.

"दोन दिस ऱ्हाऊ दे," आण्णा म्हणाले.

पाडवा उजाडला तेव्हा गुढी उभी राहिली होती, कडुलिंबाचा पाला खाऊन झाला होता आणि टेनिसच्या मैदानावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हळद पसरलेली होती. आक्काताई कोपऱ्यात घोंगडं टाकून, हातात काठी घेऊन शेळ्या हाकत बसल्या होत्या. आणि बांधावरून पांढऱ्या कपड्यांतली चार माणसं रॅकेटी घेऊन येत होती.

धन्यकुमारांना वाटलं, विहीर जवळच आहे.

त्यांनी इंगवल्यांना थांबवलं, माफी मागितली आणि धावत जाऊन पाटी उचलली. गुंडा आला, आण्णा आले, चंदनबालाबाई आल्या, हंबीरराव "डबल मार्च" म्हणून ओरडत आले. आक्काताईंना पाहुणे कोण, कुठले, काही ठाऊक नव्हतं. चार धडधाकट माणसं उभ्यानं मजा बघतायत एवढंच त्यांना दिसलं.

"आवं, बघताय काय हुबं ऱ्हाऊन?" त्यांनी इंगवले वकिलांवर काठी रोखली. "धरा की पाटी! हाताला मेंदी लावलीया व्हय?"

साताऱ्याच्या न्यायालयात ह्या माणसाला असं कोणी बोललं नव्हतं. इंगवल्यांनी मुकाट्यानं पाटी धरली, आणि चिटणिसांनी धरली म्हणून बाकीच्या तिघांनी धरली. हळद गोळा होऊन पोत्यांत गेली, तेव्हा जिमखान्याचे चारही सभासद लग्नातल्या नवरदेवासारखे पिवळे झाले होते. मैदानही पिवळं होतं. जाळं लावलं, तर ते मधोमध झोळ टाकून खाली आलं. गुंडानं चऱ्हाट आणलं, जाळं उचलून मेढीला आवळलं, आणि काय आश्चर्य, ते नेमक्या उंचीवर ताठ उभं राहिलं. चेंडू पहिल्या टप्प्याला पांढरा होता, चौथ्याला पिवळाधमक झाला.

"परदेशात आजकाल पिवळ्याच चेंडूनं खेळत्यात, साहेब," हंबीरराव इंगवल्यांना म्हणाले. "पेपरात आलंय." आणि ह्या वेळी ते चक्क खरं बोलत होते.

"चला, एक सेट होऊन जाऊ दे," इंगवले म्हणाले. हळदीनं त्यांचा मूड गेला होता. आता ह्या धंदेवाईक माणसाला जागा दाखवायची, असा त्यांचा बेत दिसत होता.

पहिल्या दोन-चार चेंडूंतच धन्यकुमारांच्या ध्यानात आलं की दुखऱ्या गुडघ्यानं सुद्धा ह्या माणसाला सहज हरवता येईल. त्याचा डावीकडून मारायचा फटका साफ चुकीचा होता. मनगट मोडायचं आणि चेंडू जाळ्यात जायचा. समोर आई बसली होती, आण्णा उभे होते. जिंकायला याहून चांगला दिवस मिळाला नसता.

आणि धन्यकुमार जिंकायचं विसरले. समोर चूक दिसली की त्यांच्यानं राहवेना. ते जाळ्यापाशी गेले.

"वकीलसाहेब, जाळ्याकडं बघूच नका. ह्या मेढीचं टोक बघा. चेंडू त्याच्यावरून गेला पाहिजे. मनगट राहू दे, खांदा फिरवा."

मग त्यांनी चेंडू टाकायला सुरुवात केली. एकाच जागी, एकाच उंचीवर, एकाच वेगानं, पुन्हा पुन्हा. इंगवले चुकत. चेंडू जाळ्यात जाई, विहिरीत जाई, एक आक्काताईंच्या घोंगड्यावर गेला. धन्यकुमारांच्या चेहऱ्यावर आठी नव्हती. ते पुढचा चेंडू त्याच जागी टाकत. ऊन चढलं, घाम निथळला, गुडघा ठणकायला लागला, पण ते थांबले नाहीत आणि प्रेक्षकांकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. आणि मग इंगवल्यांचा खांदा फिरला, चेंडू मेढीच्या टोकावरून सुर्रकन निघाला आणि पलीकडच्या कोपऱ्यात टप्पा घेऊन गेला.

वकीलसाहेब क्षणभर स्वतःच्या हाताकडं बघत राहिले. मग लहान पोरासारखे ओरडले, "पुन्हा! पुन्हा टाका!"

आक्काताईंनी काठी खाली ठेवली होती. शेळी येऊन पोत्याला तोंड लावून गेली तरी त्यांना पत्ता नव्हता.

"मदना," त्या म्हणाल्या, "ह्यो कवाधरनं त्येच त्येच करालाय रं. बी टोकल्यागत, एकाच जागी."

"व्हय," आण्णा म्हणाले.

"ह्ये खेळ न्हवं. ह्ये कष्ट हायती." आणि त्यांचे डोळे भरून आले. "एवढी वर्सं मला वाटलं, पोरगं नुसतं हुंदडतंय."

आण्णांनी हंबीररावांना बाजूला घेतलं आणि उद्या कारखान्यात दुसरा माणूस बघायला सांगा म्हणून निरोप दिला.

पुढं सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. इंगवल्यांनी धन्यकुमारांना साताऱ्याला शिकवायला बोलावलं खरं, पण सभासदांना त्याहून जास्त हौस गुंडाची होती. असं मैदान आम्हांलाही करून हवं, मेढीसकट, असा त्यांचा आग्रह. त्यामुळं शनिवारच्या एसटीत गुंडा खिडकीशी बसे आणि धन्यकुमार त्याच्या शेजारी चोपणी सांभाळत. साताऱ्याच्या स्टँडवर हार एकच येई, तो कुणाच्या गळ्यात पडे ते सांगत नाही. मळ्यातही नियम ठरला की सुगीचे दिवस खळ्याचे आणि बाकीचे टेनिसचे. आण्णांची रास उठली तेव्हा मेढ उपटायला गुंडा पहार घेऊन आला, आणि धन्यकुमारच आडवे आले. डबा चंदनबालाबाई साताऱ्याच्या प्रवासात भरून देऊ लागल्या. तो उपयोगी पडणार हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

पुन्हा दसरा आला. पाटावर फाळ, कुऱ्हाड, विळे, पाना, अडकित्ता. धन्यकुमार ह्या वेळी शहाणपणानं लांब उभे राहिले. आण्णा कुंकवाची वाटी घेऊन आले, पान्यापाशी थांबले. त्यांनी पाना थोडा सरकवला, विळा थोडा सरकवला, खुंटीवरची रॅकेट काढून मधल्या जागेत ठेवली आणि तिला हळदीकुंकू लावलं.

आक्काताईंनी रॅकेटवर झेंडूचं फूल वाहिलं आणि मागं वळून बघितलं.

"आन् ते जाळं कुठाय रं?"

"लिंबाला आहे, आक्का. तूच घरात नको म्हणाली होतीस."

"मासं धरत न्हाई न्हवं ते?"

"नाही गं."

"मग त्येनं काय पाप केलंय? आण की आत."

धन्यकुमार जाळं आणायला निघाले. गोठ्यामागं गेल्यावर मात्र ते लगेच परतले नाहीत. थोडा वेळ लिंबाखाली उभे राहिले, उपरण्यानं डोळे पुसले आणि मग जाळं खांद्यावर टाकून घरात आले.